फक्त शनिवारची मॅच

मुलाची एकही मॅच मी नीट पाहिली नाही. म्हणजे स्टँडमध्ये हजर असायचे, अंगात जाड कोट, मांडीवर थर्मास, पण खेळ कसा चाललाय हे मला कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. आजूबाजूचे सगळे त्या काळ्या रबरी चकतीमागे डोळे पळवायचे. तिला पक म्हणतात. मी एकाच माणसाकडे बघत बसायचे. तो गोलसमोर उभा असायचा, पायांना उशांएवढे पॅड, तोंडावर जाळीचा मास्क, आणि समोरची माणसं तो पक जमेल तितक्या जोरात त्याच्या अंगावर हाणायची. याच कामाचा त्याला पगार मिळायचा. तो माझा मुलगा.

मी भूलतज्ज्ञ आहे. नागपूरहून इथल्या हॉस्पिटलात आले तेव्हा वाटलं होतं, दोन वर्षं काढू आणि परत जाऊ. अर्धं आयुष्य इथेच गेलं. माझं काम झोपवलेल्या माणसाकडे बघत राहायचं. सर्जनला काहीतरी करून दाखवायचं असतं, मला काही होऊ द्यायचं नसतं. ती सवय घरी आल्यावर सुटत नाही. गणपतीच्या आरतीला शेजारी उभ्या असलेल्या काकांना धाप लागतेय का, याच्याकडेच माझं लक्ष. नवरा म्हणतो, तू माणसांशी बोलत नाहीस, त्यांना तपासतेस. खोटं नाही ते.

ईलिंगच्या आमच्या मराठी मंडळात मुलांची चौकशी करायची एक ठरलेली पद्धत आहे. आधी युनिव्हर्सिटी विचारायची, मग कंपनी. केंब्रिज म्हटलं की समोरचा गप्प होतो. मी आइस हॉकी म्हणायचे आणि समोरची बाई हातातली प्लेट खाली ठेवायची.

"हो, पण जॉब काय करतो?"

"हाच."

"नाही, म्हणजे, वीकडेजला काय करतो?"

एका काकांनी तर माझी समजूत घातली, "अजून लहान आहे हो, लागेल मार्गाला." तेव्हा तो चोवीस वर्षांचा होता. मला इतका राग आला की त्यांच्या हातातल्या तिसऱ्या गुलाबजामकडे बघत मी सगळ्यांसमोर त्यांना त्यांची शुगर विचारली.

खरं सांगायचं तर, त्याने हे खूळ डोक्यात घेतलं तेव्हा मीही काही आनंदाने उडी मारली नव्हती. आठ वर्षांचा असताना वर्गातल्या कुणाच्या तरी बर्थडे पार्टीला तो बर्फाच्या रिंकवर गेला. स्केटिंग येत नव्हतं, सारखा पडत होता, म्हणून त्याला गोलमध्ये उभं केलं. घरी आला तो गाल लाल करूनच. "आई, मला मास्क दिला!" पुढची कित्येक वर्षं सकाळी सहाला रिंक, कारण नंतर बर्फ दुसऱ्यांचा असायचा. रात्रपाळी संपवून मी थेट तिकडे जायचे आणि गाडीतच चहा प्यायचे. ओले पॅड मागच्या काचेच्या खोलीत वाळत पडायचे. भिजलेलं गोणपाट कोपऱ्यात विसरलं की येतो तसा वास अख्ख्या घराला. दिवाळीला पाहुणे आले की मी उदबत्त्यांचा पुडाच्या पुडा जाळायचे. नवरा पुण्याचा. त्याचं म्हणणं एवढंच होतं की बॅडमिंटन निवडलं असतं तर निदान कुणी पॉइंट घेतला ते आपल्याला कळलं असतं.

सोळाव्या वर्षी तो घर सोडून उत्तरेकडच्या एका ट्रेनिंग सेंटरला गेला, मग दोन वर्षं कॅनडाला, आणि परत आल्यावर इथल्या सगळ्यात वरच्या लीगमधल्या एका टीमने त्याला घेतलं. आम्ही पेढे वाटले. दुसरा गोलकीपर म्हणजे काय ते मला नंतर कळलं.

पहिला गोलकीपर बहुतेक बाहेरून आणलेला असतो, कॅनडाचा, अमेरिकेचा. तो खेळतो. दुसरा इथला. त्याने आठवडाभर प्रॅक्टिसला सगळ्यांचे फटके अंगावर घ्यायचे आणि मॅचच्या दिवशी सगळा सरंजाम अंगावर चढवून बाकाच्या टोकाला, दारापाशी बसायचं. या खेळात माणसं दर मिनिटाला बदलतात. बर्फावरून कुणी परत येताना दिसलं की दार उघडायचं, तो आत आला की लावायचं. चार वर्षं माझ्या मुलाने दार उघडलं आणि लावलं. आम्ही तीन-तीन तास गाडी चालवून ते बघायला जायचो. "आई, दार नीट उघडायला पण स्किल लागतो," असं म्हणून तो हसायचा, आणि मला हुंदका आवरायला थर्मासचं झाकण फिरवत बसावं लागायचं.

मग गेल्या हिवाळ्यात त्या पहिल्या गोलकीपरचा गुडघा गेला. ऑपरेशन, सीझनभर विश्रांती. कोचने माझ्या मुलाला बोलावून सांगितलं की उरलेल्या मॅचेस तू खेळ, आणि नीट खेळलास तर पुढच्या वर्षी आम्ही बाहेरचा माणूस शोधणार नाही. सव्वीस वर्षांचा माझा मुलगा, फोनवर ही बातमी सांगताना त्याचा आवाज आठ वर्षांच्या पोरासारखा चिरकला. मी हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये उभी राहून रडले आणि एका सिस्टरने मला खुर्ची आणून दिली.

पहिल्या दोन मॅच उत्तम गेल्या. तिसऱ्या मॅचमध्ये समोरच्या टीमचा एक धिप्पाड माणूस घसरत आला आणि त्याचा गुडघा मुलाच्या मास्कवर बसला. मुलगा लगेच उठला, हात वर करून त्याने ठीक असल्याचं दाखवलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी वाजवल्या नाहीत. दर वेळी जागेवर परत आला की तो काठीने गोलचे दोन्ही खांब ठोकायचा, उजवा, मग डावा, न बघता. त्या मॅचमध्ये पुढे दोनदा त्याने डावा खांब वळून शोधला. मधल्या सुट्टीत टीमच्या फिजिओने त्याची तपासणी केली, पास केलं, आणि त्याने मॅच पुरी केली.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, तो अचानक घरी आला. ट्रेनने. गाडी सर्व्हिसिंगला दिलीय म्हणाला. मी दारातच त्याचे डोळे पाहिले. बाहुल्या सारख्या होत्या, चाल सरळ होती. पण स्वयंपाकघरात आल्यावर तो खिडकीकडे पाठ करून बसला. मी साबुदाण्याची खिचडी केली होती, ती चमच्याने इकडची तिकडे करत राहिला. त्याच्या बाबांनी काहीतरी विनोद केला तर सगळे हसून झाल्यावर हसला.

"डोकं दुखतंय?"

"नाही गं. माझी डोकं एकदम फाइन आहे. फिजिओने टेस्ट केली ना, मी पास झालो."

"काय विचारलं?"

"तेच नेहमीचा. वर्ड्स लक्षात ठेव, नंबर्स उलटे बोल, मंथ्स बॅकवर्ड्स." आणि मी न विचारताच त्याने डिसेंबरपासून जानेवारीपर्यंत इंग्रजी महिने घडाघडा उलटे म्हणून दाखवले. मला तो वेगच आवडला नाही. विचार करणारा माणूस असा बोलत नाही, पाठ केलेला बोलतो.

लहानपणी शनिवारच्या मराठी शाळेत चैत्र, वैशाख शिकवायचे. हा पठ्ठ्या ते उलटेही म्हणायचा, पाहुण्यांसमोर आम्ही त्याला म्हणायला लावायचो आणि सगळे कौतुक करायचे. दिवाळीला घरी आला होता तेव्हाही त्याने चुलतभावाशी पैज लावून ते म्हटले होते.

मी म्हटलं, "आता फाल्गुनपासून म्हण."

"आई, प्लीज. पार्टी ट्रिक नको आता."

"म्हण."

"फाल्गुन, माघ, पौष." थांबला. "मार्गशीर्ष." मग बराच वेळ टेबलावरच्या मिठाच्या बाटलीकडे बघत राहिला. "माघ," म्हणाला. त्याच्या वरच्या ओठावर घाम आला होता.

नवऱ्याने गॅस बंद केला. मी मुलाचा हात धरला आणि तो गार होता.

मग त्याने सगळं सांगितलं. डोकं कालपासून ठणकत होतं, उजेड सहन होत नव्हता, गाडी चालवायची भीती वाटली म्हणून ट्रेनने आला होता. फिजिओला काही कळलं नाही, कारण कळू नये अशी तजवीज त्याने आधीच करून ठेवली होती. सीझन सुरू होण्याआधी प्रत्येक खेळाडूची धडधाकट असताना एक चाचणी घेतात आणि डोक्याला मार लागला की नंतरचे मार्क त्याच्याशी ताडून बघतात. "तेव्हाच मुद्दाम थोडा स्लो करायचा. दोन-तीन वर्ड्स विसरायचे. मग नंतर काय झालं तरी स्कोर सेम येतो. सगळे करतात, आई." शब्दांच्या याद्यासुद्धा त्याने घोकून ठेवल्या होत्या.

मी ताडकन उठले. "मी आत्ता तुझ्या क्लबला फोन करते."

"नको. आई, नको. फक्त शनिवारची मॅच. शनिवारी सगळे बघायला येणारेत, ओनर पण. नंतर दोन वीक्स गॅप आहे, तेव्हा मी रेस्ट घेतो, प्रॉमिस. मी आता बाहेर बसलो ना, तर ते दुसरा माणूस आणतील. मग झालं. मी परत दार उघडणार. मला चार वर्षं लागली, आई."

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "तू डॉक्टर आहेस. तू ठरव." या वाक्याबद्दल मी त्याला अजून माफ केलेलं नाही. पण तो खोटं काय बोलला?

हेच दुसऱ्या कुणाचं मूल असतं तर मला ठरवायला एक सेकंद लागला नसता. डोक्याला मार लागलेला खेळाडू बरा झाल्याशिवाय खेळत नाही, कारण त्यावर दुसरा मार बसला तर काय होऊ शकतं ते मी अतिदक्षता विभागात पाहिलेलं आहे. मला सगळं माहीत होतं. आणि मी मनात हिशोब मांडायला लागले की बाहुल्या सारख्या आहेत, उलटी झालेली नाही, शनिवारला अजून सहा दिवस आहेत. डॉक्टर स्वतःला फसवायला बसला की त्याच्याकडे कारणांचा तोटा नसतो. शेवटी मी अटी घातल्या. दिवसातून तीनदा फोन, प्रॅक्टिस कमीत कमी, उलटी झाली तर त्या क्षणी सगळं बंद. अटी घातल्या की आपण जबाबदारीने वागतोय असं वाटतं. त्याने मान हलवली आणि माझ्याकडे जरा विचित्र नजरेने बघत राहिला. मी समजले, सुटल्याचा आनंद आहे.

तो आठवडा माझा जीव टांगणीला लागलेला होता. फोन वाजला की धस्स व्हायचं, नाही वाजला की त्याहून जास्त. "डोकं?" "ठीक." "जेवलास?" "हो." या चार शब्दांत मी त्याच्या आवाजातला थकवा शोधायचे. बुधवारी माझ्या हाताखालच्या एका शिकाऊ डॉक्टरने विचारलं की पेशंट परवा सायकलवरून डोक्यावर पडलाय, साधंच ऑपरेशन आहे, पुढे ढकलू का? "अर्थातच ढकल," मी त्याच्या अंगावर ओरडले, "यात विचारायचं काय आहे?" बिचारा गोरामोरा झाला. मी कपडे बदलायच्या खोलीत जाऊन क्लबचा नंबर काढला. अंगठा हिरव्या बटणावर ठेवला आणि फोन परत खिशात टाकला. शुक्रवारीही तेच केलं.

शनिवारी आम्ही गेलो. मॅचच्या दिवशी गोलकीपरशी कुणी बोलायचं नाही असा त्यांच्यात अलिखित नियम आहे, त्यामुळे मला लांबूनच बघावं लागलं. वीस-वीस मिनिटांचे तीन भाग असतात. पहिल्या दोन भागांत तो इतका सुंदर खेळला की मला आयुष्यात पहिल्यांदा खेळ दिसला. त्याचा हात कुठे जाणार ते पकलाच आधी कळत असावं असं वाटत होतं. चार हजार लोक आमच्या आडनावाचे तुकडे पाडून ते तालात ओरडत होते. एरवी मला रिसेप्शनिस्टला आडनाव तीनदा सांगावं लागतं आणि इथे ही गोरी पोरं, म्हाताऱ्या बायका, घसा फोडून तेच म्हणत होत्या. मला अभिमान वाटला. भीती होतीच, पण अभिमान जास्त वाटला, हे लिहिताना हात थांबतो आहे.

तिसऱ्या भागात लांबून एक फटका आला. अगदी साधा. असले फटके तो प्रॅक्टिसला शेकड्याने अडवायचा. त्याने हात उचललाच नाही. पक मास्कच्या कडेला लागला आणि कुठेतरी उडून गेला. शिट्टी वाजली. मुलगा खांबांकडे वळला नाही, गोल सोडून सावकाश स्केटिंग करत बाकाकडे गेला. लोकांना वाटलं पाणी प्यायला चाललाय. तो आत शिरला, टोकाच्या जागेवर बसला आणि त्याने दाराची कडी हातात धरली. मग बर्फावरच्या आपल्याच टीमच्या एका खेळाडूला आत घ्यायला दार उघडलं. तो खेळाडू बर्फावरच उभा राहून त्याच्याकडे बघत होता. मुलगा दार धरून वाट बघत राहिला.

मी पायऱ्यांवरून कशी खाली आले ते मला आठवत नाही. सिक्युरिटीच्या माणसाला मी ढकललं, असं नवरा सांगतो. फिजिओ मुलापुढे गुडघ्यावर बसला होता. मी त्याला ओरडून सांगितलं की ही आजची गोष्ट नाही, गेल्या शनिवारी मार बसलाय, चाचणीवर विश्वास ठेवू नका, त्याने ती खोटी दिलीय. मुलाने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. त्याला कळलं की नाही, मला सांगता येणार नाही.

तो वाचला. स्कॅनमध्ये रक्तस्राव नव्हता, हे ऐकल्यावर माझा जीव भांड्यात पडला. पण डोकेदुखी गेली नाही, चक्कर गेली नाही, आणि तीन महिन्यांनी मेंदूच्या स्पेशालिस्टने सांगितलं की पुन्हा गोलमध्ये उभं राहायचं नाही. क्लबने चांगल्या शब्दांत पत्र पाठवलं. त्याचा पहिल्या नंबरचा काळ चार मॅचेसचा झाला, त्यातली शेवटची अर्धवट.

तो आमच्याकडे राहायला आला. लहानपणच्या खोलीत पडदे ओढून पडून असायचा. बोलायचा, पण जेवणापुरता. पॅड काचेच्या खोलीत ठेवले होते, आता ते कोरडे होते आणि त्यांना वास येत नव्हता. मी वाट बघत होते की एक दिवस तो माझ्यावर तुटून पडेल. सगळ्यांसमोर त्याचं खोटं मी उघडं पाडलं होतं, टीममध्ये त्याला मान वर करून जाता येणार नाही असं केलं होतं. मी मनातल्या मनात उत्तरं तयार करून ठेवली होती. आई म्हणून काय सांगायचं, डॉक्टर म्हणून काय सांगायचं.

मे महिन्यात आम्ही दोघं तपासणीहून परत येत होतो. हाउन्सलोच्या अलीकडे गाड्या अडकून पडल्या होत्या. डोक्यावरून एकामागून एक विमानं खाली उतरत होती आणि तो काळा चष्मा लावून शेजारी बसला होता. मला वाटलं झोपलाय.

"आई, त्या संडेला तुला कळलं होता ना?"

"हो."

"शुअर होतीस?"

"हो."

"मग तू का थांबलीस?"

तयार करून ठेवलेल्यातलं एकही उत्तर या प्रश्नाचं नव्हतं. खोटं बोलता आलं असतं. नीट अंदाज आला नाही म्हणाले असते तर त्याने ऐकून घेतलं असतं. मी म्हटलं, "मला तुला खेळताना बघायचं होतं. तू दार उघडताना बघून मी कंटाळले होते."

पुढची गाडी थोडी सरकली, मीही सरकवली.

"मला पण खेळायचा होता," तो म्हणाला. "मला स्वतःला नाही म्हणायला जमत नव्हता. म्हणून मी घरी आलो होतो. मला वाटलं, तू बघशील आणि नाही म्हणशील."

त्याच्या आवाजात राग नव्हता. मागच्या गाडीने हॉर्न दिला, तेव्हा माझ्या लक्षात आलं की समोरचा रस्ता मोकळा झाला आहे.